थेंबे थेंबे तेल गळे

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सोसायटीच्या चिटणीसांना दोन गोष्टींची हटकून आठवण होते. पहिली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुऊन घेण्याची. आणि दुसरी, आमच्या जीपखाली सांडणाऱ्या तेलाची. पहिल्या गोष्टीसाठी ते वर्गणी मागतात आणि दुसऱ्या गोष्टीसाठी फलकावर सूचना लावतात. "वाहनतळावर तेल सांडणाऱ्या सभासदांनी सणासुदीच्या दिवसांत तरी खबरदारी घ्यावी," असे त्या सूचनेत अनेकवचनी लिहिलेले असते. परंतु तेल सांडणारे सभासद आमच्या इमारतीत एकच, आणि ते म्हणजे अस्मादिक, हे तळमजल्यावरच्या मांजरालाही ठाऊक आहे.

त्या तेलावर मी इलाज केले नाहीत असे नाही. आधी वर्तमानपत्रे पसरली, मग लाकडाचा भुसा आणून टाकला, आणि शेवटी सौ.ची एक जुनी, पोचे आलेली परात गाडीखाली सरकवली. ती परात माझ्या सासरची निघाली. त्यामुळे काही दिवस वाहनतळापेक्षा घरातच वातावरण अधिक तापले.

ही जीप आमच्या दादांची. दादा म्हणजे माझे वडील; जुन्नरला त्यांचा दवाखाना होता. १९८७ साली त्यांनी ही चार सिलिंडरची डिझेल जीप घेतली, ती हौसेने नव्हे. पश्चिमेकडे आपटाळ्यापासून नाणेघाटाच्या अंगाला ज्या वाड्या-वस्त्या आहेत, तिथे पावसाळ्यात दुसरे काही जात नसे. रात्री-अपरात्री बोलावणे यायचे. घर शोधायला उजेड हवा, म्हणून दादांनी गाडीला एक फिरता दिवा बसवून घेतला होता. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. दिवा हातात धरून चिखलातल्या वाटेवर झोत टाकायचा, हे माझे काम. त्या दिव्याची वायर आत घेण्यासाठी इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला दादांनी हातड्रिलने भोक पाडले, तेव्हा बॅटरी धरून मीच उभा होतो. या भोकाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

२०१९ साली दादा गेले. आई पुण्याला आमच्याकडे आली आणि तिच्या मागोमाग जीपही आली. ती विकावी असे नातेवाईकांनी सुचवून पाहिले. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर असतो, धुराची तपासणी असते. बँकेत हिशेब तपासणाऱ्या माणसाला हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे न कळण्याइतका मी भोळा नाही. परंतु दिवाळीला आईला घेऊन त्याच गाडीने जुन्नरला जायचे, वाड्यात चार पणत्या लावायच्या आणि परतायचे, असा एक नेम पडून गेला होता. नेमाचा हिशेब कोणी मांडत नाही.

तेल गळायला लागले ते २०२२ च्या पावसाळ्यानंतर. आधी चार थेंब, मग तळहाताएवढा डाग, मग ती परात. मी गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या तरुणाने गाडीखाली एकदा वाकून पाहिले आणि सांगितले, "मागचं सील गेलंय." इंजिनाच्या मागच्या टोकाला, जिथे त्याचा मुख्य दांडा क्लचच्या घरात शिरतो, तिथे एक गोल सील असते. ते बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील पाचशे-सातशेचे आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट! सील बदलले. पंधरा दिवसांनी परातीत पुन्हा तेल. पुन्हा गिअरबॉक्स उतरला, पुन्हा सील बदलले, आणि महिन्याभराने पुन्हा तेल. तिसऱ्या खेपेला त्याने मला तत्त्वज्ञान ऐकवले, "साहेब, जुनी डिझेल गाडी आहे, गळणारच." मीही ते तत्त्वज्ञान खिशात घालून घरी आलो.

मग २०२३ ची दिवाळी आली. जुन्नरला निघालो. आई नेहमीप्रमाणे पुढे, डाव्या बाजूला बसली. चाकण गेले, खेड गेले, आणि मंचरच्या अलीकडे ती म्हणाली, "जरा थांबव रे." उतरून रस्त्याच्या कडेला बसली, उलटी झाली. डोके ठणकत होते. परततानाही तेच. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, आणि वयाच्या मानाने ठीक आहे, गाडी लागत असेल, असे सांगितले. त्यानंतर आईने जीपमध्ये पाऊल ठेवले नाही. देवळात जायचे झाले तरी रिक्षा करी. पुढल्या दिवाळीचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "मी नाही यायची. तुम्ही जाऊन या." आम्ही आपसात ठरवून टाकले की त्या गाडीत बसले की तिला दादांची आठवण होते, आणि ते आता तिला सोसवत नाही. या निष्कर्षावर आम्ही उभयता इतके हळवे झालो, की तिला विचारायचे मात्र कोणाच्याच डोक्यात आले नाही.

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या दूधवाल्याने मिस्त्रींचे नाव सुचवले. त्याचा टेम्पो ते सांभाळत. नाना पेठेच्या एका बोळात त्यांचे दुकान. दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपात तीस वर्षे काढलेला हा गृहस्थ; सत्तरीला टेकलेला, काटकुळा, कानावर पेन्सिल. मी आल्या आल्या "मागचं सील..." म्हणून सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"साहेब, सील राहू द्या. आधी आंघोळ घालू."

आंघोळ म्हणजे शब्दशः आंघोळ. ब्रश आणि रॉकेलच्या डब्याने त्यांनी सदतीस वर्षांचा तेलकट चिखल खरवडून काढला, पुसून कोरडे केले, आणि मग मला विचारले, "घरात पावडर आहे का? तोंडाला लावायची?" दुसऱ्या दिवशी मी धाकटीचा डबा नेऊन दिला. मिस्त्रींनी इंजिनाच्या सांध्यासांध्यावर ती फुंकरीने उडवली. काळे इंजिन लग्नातल्या नवऱ्या मुलासारखे दिसू लागले. मग वीस मिनिटे ते चालवून बंद केले आणि बॅटरी व दाढीचा आरसा घेऊन आम्ही दोघे शोधाला लागलो.

तेलाचा स्वभाव असा, की ते जिथे दिसते तिथून बहुधा आलेले नसते. ते वरून खाली ओघळते हे तर झालेच. पण चालत्या गाडीत पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणजे पुढे वर फुटलेले तेल मागे खाली ठिबकते. म्हणून खालच्या थेंबाकडे पाहायचे नाही. ओलावा जिथपर्यंत वर जातो, तिथले सर्वांत उंच टोक धरायचे. तेही कुठले तेल ते ओळखावे लागते. डिझेल इंजिनातले तेल काजळीने बदलल्यापासून थोड्याच दिवसांत काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. आणि खुद्द डिझेलच गळत असेल तर ते पातळ असल्यामुळे तिथला मळ धुऊन निघतो. घाणेरड्या इंजिनावर एखादीच स्वच्छ रेघ दिसली तर समजावे की तिथे इंधन गळते आहे. मिस्त्री हे सांगत होते आणि मी बँकेत अफरातफर शोधताना याहून वेगळे काय करतो, असा विचार करीत होतो.

आमच्या पावडरीवर ओली रेघ उमटली होती ती थेट वर, इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून. याला टॅपेट कव्हर म्हणतात. तिथून तेल इंजिनाच्या पाठीवरून सरळ खाली, क्लचच्या घराच्या बुडाशी. मागचे सील तिथेच असते! तरुणाने थेंब पाहिला आणि गिअरबॉक्स उतरवला. मिस्त्रींनी पावडर मारली आणि झाकणाचे स्क्रू उतरवले.

त्या झाकणाखाली बुचाचे पॅकिंग असते. उष्णतेने ते वाळून खापरीसारखे कडक होते. मग प्रत्येक जण स्क्रू आणखी आवळतो. त्याने बूच चिरडते आणि पत्र्याची कड स्क्रूपाशी दबून मध्ये उचलली जाते. आमच्या झाकणाची कड अशीच नागमोडी झाली होती. मिस्त्रींनी ती लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केली आणि नवे पॅकिंग बसवले. स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. "बूच आहे, साहेब, त्याचा गळा दाबायचा नाही," एवढेच म्हणाले.

मला वाटले, संपले. परंतु मिस्त्री समाधानी दिसेनात. त्यांनी इंजिन चालू केले, तेल ओतायच्या तोंडावरचे झाकण काढून उलटे, नुसतेच ठेवले. झाकण टणाटण उडून खाली पडले.

"आत वाफ कोंडलीय. हिचा श्वास कुठं अडकलाय?"

इथे डिझेल इंजिनाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नाही. नुसती हवा तिच्या मूळ जागेच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात दाबायची, म्हणजे ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली ऑग्सबर्गला हे यंत्र चालवून दाखवले. पुढे १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून हा माणूस रात्रीतून नाहीसा झाला. त्याचे यंत्र मात्र जगभर पसरले. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि माझ्या लहानपणी जुन्नरकडच्या विहिरींवर सकाळी जी पुक्-पुक् ऐकू येई, ती याच यंत्राची भावंडे. तर, इतक्या दाबाने चालणारे यंत्र म्हटले की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, तेलाच्या चेंबरकडे उतरणारच. तो बाहेर जावा म्हणून एक नळी ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. ती बुजली तर आतला वायू वाट शोधतो, आणि त्याला वाट सापडते सांध्यांतून आणि सिलांतून, तेलाला पुढे घालून. अशा वेळी सोन्याचे सील बसवले तरी ते गळणार.

मिस्त्री ती नळी चाचपत गाडीखाली गेले. (गाडी नुसत्या जॅकवर नव्हती, खाली लोखंडी घोडी लावलेली होती. जॅकवर विसंबून गाडीखाली डोके घालणाऱ्याला ते दुकानाबाहेर काढतात.) थोड्या वेळाने ते बाहेर आले. त्यांच्या हातात तारेने आवळलेला एक काळा, ओला बोळा होता.

"हे कुठल्या गाढवानं कोंबलं?"

मी त्या बोळ्याकडे पाहिले आणि ओळखले. तो माझ्या जुन्या बनियनचा होता.

२०२२ साली गणपतीच्या आधी त्या नळीच्या तोंडातून अधूनमधून एखादा तेलाचा थेंब पडतो असे माझ्या लक्षात आले होते. मी तिथे चिंधी कोंबली, वर तार बांधली, आणि फुकटात गळती बंद केली म्हणून सौ.जवळ बढाईही मारली. दोन सिले, दोन वेळा उतरवलेला गिअरबॉक्स, परात आणि चिटणीसांच्या सूचना, हे सगळे त्या बनियनने घडवले होते. मिस्त्रींना मी काय सांगितले ते इथे लिहीत नाही. बोळा मात्र त्यांनी दुकानातल्या खिळ्याला टांगून ठेवला; अजून तिथेच आहे. नळीतली जाळी रॉकेलमध्ये भिजत घातली, तर त्यातून डांबरासारखा गाळ निघाला. ती साफ झाल्यावर तेलाच्या तोंडावरचे उलटे झाकण थरथरत का होईना, पण जागेवर बसून राहिले.

आता खरी गोष्ट. हे सगळे चालले असताना मिस्त्रींची नजर पुन्हा पुन्हा एका जागी जात होती. इंजिनाच्या कुशीला एक ओतीव बिडाचे जाड नळकांडे असते. चारही सिलिंडरांतला धूर गोळा करून ते सायलेन्सरकडे सोडते. हे मॅनिफोल्ड. शेवटच्या सिलिंडरापाशी त्याच्या सांध्यावर काजळीचा एक पंखा उमटला होता, आणि त्याच्यासमोरच्या पत्र्यावरही काजळी. मिस्त्रींनी त्या पत्र्यावर बोट फिरवले, तर बोट एका भोकात गेले. दादांनी १९८७ साली पाडलेले ते भोक. दिवा केव्हाच निघाला होता, वायर निघाली होती, भोकातले रबरही गळून पडले होते.

मिस्त्री वळून म्हणाले, "पुढं डावीकडं कोण बसतं, साहेब?"

"आई."

"डोकं दुखतं का त्यांचं?"

मला उत्तर देता आले नाही. मी नुसती मान हलवली.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण असतो. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. शिवाय नायट्रोजनचे जळजळणारे वायू आणि काजळी असतेच. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. चढावर इंजिनावर भार आला की मॅनिफोल्डमधला दाब वाढे आणि धूर त्या भोकातून थेट आईच्या पायाशी येई. शिवाय उकडते म्हणून आम्ही मागची ताडपत्री गुंडाळून ठेवत असू. धावत्या गाडीच्या मागे हवा विरळ होते, आणि सायलेन्सरचा धूर त्या उघड्या तोंडातून आत ओढला जातो, ही नवी माहिती मला मिस्त्रींनीच दिली. तेल जमिनीवर दिसत होते, म्हणून आम्ही दोन वर्षे तेलामागे लागलो होतो. धूर कोणाच्या फरशीवर डाग पाडत नव्हता.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी आईजवळ जाऊन बसलो. विचारले, "गाडीत तुला नक्की काय व्हायचं?"

"अरे, डोकं धरायचं. डोळ्यांपुढं अंधारी यायची. घाटात जास्त."

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

ती पदराशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही ह्यांची गाडी विकली असती."

सौ. ताटे उचलता उचलता थांबली. आम्ही समजत होतो की आईला ती गाडी डोळ्यांपुढे नको आहे. आणि आई मात्र ती गाडी वाचावी म्हणून जुन्नर सोडायला तयार झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी मिस्त्रींच्या दुकानी गिऱ्हाईक म्हणून जाणे सोडले. उमेदवार म्हणून जाऊ लागलो. शनिवार-रविवार थोरलाही येई. त्याचे शिक्षण संगणकाचे. त्याला इतका गंज एकत्र पाहायची सवय नाही.

मॅनिफोल्ड उतरवणे हे धीराचे काम आहे. ते ज्या आटेदार दांड्यांवर बसते, त्या स्टडांना वर्षानुवर्षे तापून-निवून गंज चढलेला असतो. पाना लावून जोर केला की स्टड मोडलाच. म्हणून गंज सोडवणारे तेल सलग तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब घातले. मग नट पाव फेरा सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा. सात सुटले. आठवा, अर्थातच त्या शेवटच्या सिलिंडरापाशचा, बुडाशी मोडला. मिस्त्रींनी त्याच्या उरलेल्या थुटक्यावर एक नट वेल्डिंगने चिकटवला. त्या उष्णतेने गंजाची पकडही सुटली, आणि लाल विझता विझता पाना लावताच थुटके लोण्यासारखे बाहेर आले. थोरल्याने टाळी वाजवली. मिस्त्री लाजले.

उतरवलेल्या मॅनिफोल्डवर पोलादी पट्टी आडवी धरली तर एका टोकाखालून उजेड दिसत होता. बीड तापून वाकले होते. म्हणूनच थंडीत गाडी सुरू केली की मिनिटभर टक्-टक् असा आवाज येई आणि गरम झाल्यावर धातू फुगून तो कमी होई. मी त्या आवाजाला 'वयाची कुरकुर' म्हणत असे. मशीन-शॉपमध्ये त्याचे तोंड घासून सपाट करून आणले. नवी पॅकिंगे, नवे स्टड, आणि लोखंडाऐवजी पितळेचे नट, म्हणजे पुढच्या वेळी गंजून अडकायला नकोत. आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचे; एका टोकापासून सुरुवात केली तर ताण दुसऱ्या टोकाला साचतो. गाडी तापवून पूर्ण निवल्यावर ते पुन्हा एकदा आवळून घेतले. ही दुसरी खेप पुष्कळ जण चुकवतात आणि मग पॅकिंगला नावे ठेवतात.

खालच्या तेलाच्या नटाचा तांब्याचा वायसर तेवढा मी घरी नेला. जुना तांब्याचा वायसर दाबून दाबून कडक होतो. तो मंद लाल होईपर्यंत तापवला की पुन्हा मऊ पडतो. सौ.च्या गॅसच्या शेगडीवर मी तो चिमट्याने धरून तापवला. नवा वायसर चहाच्या कपापेक्षा महाग नसतो, हे तिने दोनदा सांगितले. मान्य आहे. पण तो लाल होताना पाहण्यात जी मजा आहे, ती विकत मिळत नाही. काढलेले जळके तेल गटारात न ओतता डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे दिले, हेही चिटणीसांच्या माहितीसाठी नमूद करतो.

शेवटी ते भोक. मिस्त्री पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून बसवणार होते. मी नको म्हटले. नाना पेठेत दहा रुपयांना रबरी बूच मिळाले. ते मी स्वतःच्या हाताने दाबून बसवले. पाहणाऱ्याला दिसायचे नाही, पण ते भोक अजून तिथे आहे.

संध्याकाळी अंधार पडल्यावर थंड इंजिन सुरू करून बॅटरीच्या झोतात मॅनिफोल्ड पाहिले. कुठे धुराची रेघ नाही. मिस्त्रींनी चिंध्यांचा जाड बोळा सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबून कान लावला. कुठे फुस्स नाही. (हा बोळा लगेच काढला, आणि या खेपेला तो बनियनचा नव्हता.) धुराच्या तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली. त्यानंतर सलग दोन रविवार आईच्या जागेवर बसून मी खेडपर्यंत गेलो-आलो. थोरला चालवत होता. माझे डोके दुखले नाही. थोरल्याच्या चालवण्याने जे दुखले ते वेगळे.

२०२४ च्या धनत्रयोदशीला आम्ही जुन्नरला निघालो. मागची ताडपत्री नीट बांधलेली होती. आईला पुढे बसायचा आग्रह मी केला नाही. तीच येऊन बसली. चाकण गेले, खेड गेले. मंचर जवळ येऊ लागले तसे माझे लक्ष रस्त्यापेक्षा तिच्याकडेच. सौ. मागून पाण्याची बाटली आणि प्लास्टिकची पिशवी तयार ठेवून होती. मंचर मागे पडले. नारायणगावच्या अलीकडे आई एकदम म्हणाली, "थांबव रे जरा."

माझ्या पोटात गोळा आला. गाडी कडेला घेतली.

"तिथं चहा बरा असतो," ती म्हणाली. "हे नेहमी थांबायचे."

जुन्नरला पोचलो तेव्हा शिवनेरीवर ऊन उतरले होते. सकाळी उठून मी अंगणात गेलो. रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा मुद्दाम सरकवून ठेवला होता. गुडघ्यावर बसून तो ओढून पाहिला. मधोमध, रुपयाएवढा, एकच काळा ठिपका.

आई रांगोळीची वाटी घेऊन मागे उभी होती. तिने वाकून पाहिले.

"एवढं असायचंच," ती म्हणाली, "ह्यांच्या वेळीही." आणि पुठ्ठा उचलून तिने भिंतीशी टेकवून ठेवला व सडा घातलेल्या जागेवर ठिपके मांडायला बसली.